स्मोलांडची गोधडी

मी एकतीस वर्षं कापडाच्या उलट्या बाजूला बसून विणलं. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी मला शहाणपण शिकवायला नको.

स्वीडनमधल्या आमच्या कार्यशाळेत भिंतीवर टांगायची मोठी चित्रं विणली जायची आणि ती मागूनच विणतात. विणणारीच्या डोळ्यांसमोर गाठी, लोंबते धागे, नुसता पसारा. सुलट बाजू खाली, मागाच्या पोटात. विणून होईल तसं रुळावर गुंडाळत जायचं. वर्ष-दीड वर्षानं काम संपलं की कात्रीनं ताण्याचे उभे धागे कापायचे, कापड उलगडायचं, आणि तेव्हा कुठे कळायचं की आपण इतके दिवस काय केलं. त्या दिवसाला आम्ही कापणी म्हणायचो. कापणीला केक असे, गावातली बडी माणसं असत, वर्तमानपत्रवाले असत. सगळ्यांनी मिळून कापड सुलटं केलं की उजव्या कोपऱ्यात दोन अक्षरं दिसत: र. वे. म्हणजे रागनहिल्ड वेस्टर, आमच्या मालकीणबाई. चित्र काढणारीची अक्षरं. विणणारीची नाहीत. मी, हेडविग ब्योर्क, अशी बावीस कापडं विणली. मंत्र्याच्या कचेरीत आहेत, बँकेत आहेत, दोन चर्चमध्ये आहेत. एकावरही माझा 'ह' नाही.

वेस्टरबाईंचं नाव झालं ते 'पाण्याच्या रेघा' या कापडामुळे. एकोणीसशे तीस साल. राखाडी जमिनीवर बारीक तुटक रेघा, एकीमागे एक वळत जाणाऱ्या, आणि मध्ये लाल रंगाचा एकच ठिपका. लोक म्हणाले, हा आपला उत्तरेचा समुद्र, हा आपला साधेपणा. पत्रकारांनी तर डोक्यावर घेतलं. तो समुद्र कुठून आलाय ते मला ठाऊक होतं. आदल्या हिवाळ्यात बाई नवऱ्याबरोबर कलकत्त्याला जाऊन आल्या होत्या. त्यांची ट्रंक मीच उघडली, तळाशी एक गोधडी होती. जुन्या पांढऱ्या साड्यांचे थर, आणि त्यांवर हातानं घातलेले धावदोरे, असे की कापडावर पाणी हलतंय असं वाटावं. नदीच्या घाटावर कुणा बाईनं वाळत घातली होती म्हणे. वेस्टरबाईंनी पर्समधली एस्किल्स्टूना गावची पोलादी कात्री काढून तिच्या हातावर ठेवली आणि गोधडी उचलली.

"काय खूश झाली बिचारी!" बाई मला म्हणाल्या होत्या.

मग महिनाभर त्यांनी गोधडीवर पातळ कागद ठेवून रेघ न् रेघ उतरवून घेतली. उतरवून झाल्यावर गोधडी माझ्याकडे फेकली. "हे रुळाला लावून टाका."

रुळावर आधी एखादं जाडसर फडकं गुंडाळावं लागतं, नाहीतर खालच्या गाठींचे वळ कापडावर उठतात. मी गोधडी रुळाला लावली. पुढची तीस वर्षं प्रत्येक कामाआधी तीच लावत आले. इतकी सवय झाली की ती मला दिसेनाशीच झाली.

अणिमा बसाक आली सत्तावन्नच्या सप्टेंबरात. बंगालमधल्या शांतिपूरची, विणकरांच्या घरातली, कलाशाळेत शिकलेली, सरकारच्या शिष्यवृत्तीवर दोन वर्षांसाठी. साडीवर कुणा पुरुषाचा लोकरी कोट घालून उभी होती. पहिल्याच दिवशी कॉफीच्या वेळी तिनं वेलदोड्याचा बन तोंडात घातला आणि ढसाढसा रडायला लागली. माझ्या शेजारच्या मागावरची टिल्डा म्हणाली, "अगं बया, बन एवढा वाईट झालाय?" पोरगी रडता रडता हसली.

बाईंनी तिला विचारलं, "मिस बसाकनी आमचीच कार्यशाळा का निवडली?"

"मासिकात पाण्याच्या रेघा पाहिल्या," अणिमा म्हणाली. "आणि मला घर आठवलं. माझी आजी अशाच रेघा घालायची."

मी खाली मान घालून धागा ओढत होते. बाईंच्या कपातली कॉफी बशीत सांडलेली मात्र मला दिसली.

पोरीला रीतभात म्हणून नव्हती. त्या काळी आमच्याकडे थोरलीला तोंडावर 'तुम्ही' म्हणणंसुद्धा आगाऊपणा धरत. समोर बसलेल्या माणसाशी तिसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं बोलायचं: ब्योर्कबाई कॉफी घेणार का? थोरलीनं आपणहून ग्लास उचलावा, आपलं पहिलं नाव सांगावं, मगच 'तू' म्हणायची मुभा. मी एकतीस वर्षं वेस्टरबाईंच्या हाताखाली काढली, त्यांच्या नवऱ्याच्या प्रेताला कपडे घातले, तरी आम्ही एकमेकींना बाईच म्हणायचो. आणि ही काल आलेली पोर मला हाक मारते काय, तर हेडविगदी! दी म्हणजे ताई.

"मिस बसाक," मी म्हटलं, "मी कुणाची ताई नाही."

"मग काय म्हणू?"

"ब्योर्कबाई."

"बरं, हेडविगदी," ती म्हणाली, आणि टिल्डा कपाळावर हात मारून हसली.

रागावले मी, पण तिचे हात बघितल्यावर राग कुठे टिकतोय? धागा तुटला की आम्ही गाठ मारायला चष्मा शोधतो. ही न बघता दोन बोटांत पीळ देऊन जोडायची आणि जोड सापडायचा नाही. मी तिला आमची लोकर ओळखायला शिकवली, तिनं मला तो जोड शिकवला. इतक्या वर्षांत मला कुणी काही शिकवलं नव्हतं. कधी कधी दुपारी मी मुद्दाम धागा तोडायची.

बाईंना तिच्याकडून हत्ती हवे होते. हत्ती, मोर, कमळं, भडक नारिंगी. "तुमच्या रक्तातच रंग आहे," असं म्हणून बाई तिला साडी नेसवून खिडकीपाशी फोटोला बसवत. अणिमानं एकही हत्ती काढला नाही. पहिल्याच हिवाळ्यात तिनं जे चित्र काढलं त्यात राखाडी पाणी होतं, गावाचा फुटलेला बांध होता, आणि रेघा. बाईंच्या रेघा नुसत्या सुंदर होत्या. हिच्या रेघा एका जागी येऊन तुटत होत्या, आणि डोळे पुन्हा पुन्हा तिथेच जायचे. मला चित्रातलं फारसं कळत नाही. पण बाईंचं बावीस वेळा विणलंय, त्यामुळे कुठलं जास्त चांगलं ते माझ्या बोटांना कळलं.

बाईंनी कागद खिडकीपाशी नेऊन बघितला. मग म्हणाल्या, "हे भारतीय नाही. हे उत्तरेचं आहे. हे मिस बसाक इथे शिकल्या."

"नाही बाई, हा आमचा पूर आहे. मी सात वर्षांची होते."

"पूर कुठलाही असो. नजर आमची आहे."

पण विणायचं ठरलं, कारण मिलानच्या प्रदर्शनासाठी बाईंकडे स्वतःचं नवीन काही नव्हतं. अणिमाच्या दृष्टीनं तर सगळं आयुष्यच त्यावर होतं. दिल्लीत नवी कलाशाळा निघत होती. तिथल्या तनखासाहेबांनी तिला लिहून कळवलं होतं: तुमच्या नावाचं कापड युरोपच्या प्रदर्शनात लागू दे, विणकामाचा विभाग तुमचा. ते स्वतः कापणीला येणार होते. नाव लागलं नाही तर परत शांतिपूर, आणि गावच्या मुलींना फळ्यावर आंबा काढून दाखवायचा. हे सगळं ती मला रोज सांगायची.

"कोपऱ्यात अ. ब. येईल," ती म्हणायची. "आणि त्याच्या शेजारी ह. ब."

"वेड लागलंय का? विणणारीची अक्षरं घालत नाहीत."

"आमच्याकडे नक्षी काढणारा आणि विणणारा असे दोन नसतातच, हेडविगदी. एकाच घरातले असतात. चित्र माझं आहे, मी सांगेन ते होईल."

तिनं मागाखाली लावायच्या चित्राच्या कागदावर चारही अक्षरं लाल पेन्सिलीनं लिहून टाकली. मी म्हटलं, "चहाटळपणा पुरे." पण त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करते. एवढ्या वर्षांत मला हे द्यायला निघालेली ती एकटीच.

आम्ही चित्र आडवं विणत होतो, त्यामुळे अक्षरांचा कोपरा अगदी शेवटी यायचा. एकोणसाठच्या एप्रिलात तो आला. त्याच आठवड्यात बाईंनी अणिमाला वकिलातीतल्या कागदपत्रांसाठी चार दिवस स्टॉकहोमला पाठवलं. आणि दुपारी तीन वाजता मला वर दिवाणखान्यात बोलावलं. एकतीस वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते.

"ब्योर्कबाईंनी बसावं."

टेबलावर पुंशची, म्हणजे गोड दारूची, बाटली होती आणि दोन बारीक ग्लास. बाईंनी स्वतः ओतलं.

"पोरीनं मेहनत केली," बाई म्हणाल्या. "पण हे माझ्या रेघांतूनच आलंय. कोणालाही विचारा. माझ्या छपराखाली झालेलं माझ्या अक्षरांनी जातं, हीच इथली पद्धत आहे. नाही का?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला काय ठाऊक आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं.

बाईंनी ग्लास उचलला. "रागनहिल्ड," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मीही ग्लास उचलला. "हेडविग," मी म्हटलं.

"स्कोल, हेडविग. किती वर्षं राहिलं होतं हे! तूच माझा खरा हात आहेस."

"स्कोल, रागनहिल्ड."

खोटं कशाला बोलू, तेवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. लग्न झालं नाही, मूल नाही. एक बाप होता, तो मला 'ए' म्हणायचा. खाली आले ती तरंगतच आले. लाल पेन्सिलीची चार अक्षरं खोडली आणि र. वे. विणलं. त्यावर चार बोटं साधी किनार विणली आणि रूळ फिरवला. अक्षरं आत गेली. टिल्डानं बघितलं. "हेडविग, हे काय करतेस गं?" मी म्हटलं, "तुझं काम बघ." तिनं तिचं काम बघितलं.

अणिमा परत आली ती माझ्यासाठी स्टॉकहोमहून चॉकलेटचा डबा घेऊन. पुढचे दहा दिवस ती किनार विणायला माझ्या शेजारी बसली. तोंडाची टकळी चालूच: कापणीला साडी कुठली नेसू, तनखासाहेबांना काय म्हणू. चॉकलेटं चांगली होती. मी सगळी संपवली.

कापणीला शंभर माणसं. तनखासाहेब आले, गोरेपान, ट्वीडचा सूट, बोलणं सगळं इंग्रजीतून. मी तरुणपणी इंग्लंडात हल शहरातल्या एका घरात कामाला होते, त्यामुळे मला कळत होतं. एस्किल्स्टूनाची मोठी कात्री बाईंनी अणिमाच्या हातात दिली. "मिस बसाकनी कापावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय मोठं मन, असं कुणीतरी म्हणालं. अणिमानं शेवटचा धागा कापला, आम्ही सहा जणींनी कापड उलगडलं, उचललं, भिंतीशी नेलं आणि सुलटं केलं.

दालनातली माणसं पुढे सरकली. मीसुद्धा पहिल्यांदाच बघत होते. फुटलेल्या बांधापाशी त्या रेघा तुटत होत्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. अणिमा मात्र चित्राकडे बघतच नव्हती. तिनं सरळ उजव्या कोपऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

तनखासाहेब पुढे झाले. "मॅडम वेस्टर, अप्रतिम! तुमच्या रेघा कुठेही ओळखू येतात." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण मिस बसाक, याच चित्राची नक्कल तुम्ही आम्हाला स्वतःची म्हणून पाठवली होती ना?"

"माझंच आहे ते, सर."

"अक्षरं तर वेगळं सांगतायत."

बाई हसून म्हणाल्या, "विद्यार्थ्यांचं असं होतं. गुरूचं इतकं अंगात मुरतं की आपलंच वाटायला लागतं. रागावू नका तिच्यावर."

अणिमानं तोंड फिरवलं. रडणं कुणाला दिसू नये म्हणून फिरवलं असावं. ते फिरलं रिकाम्या मागाकडे. आणि रुळावरून अर्धी सुटून गोधडी लोंबत होती.

मी मघाच म्हटलं ना, मला ती दिसेनाशी झाली होती. कापणीच्या आधी काढून ठेवायला हवी, हे डोक्यातच आलं नाही.

ती गुडघ्यांवर बसली. गोधडी उलगडली. तीस वर्षांच्या दाबानं चपटी झालेली, पिवळी पडलेली, पण रेघा तशाच्या तशा. मधला लाल ठिपकाही. ह्याच त्या 'पाण्याच्या रेघा', हे शंभर माणसांना दिसलं. आंधळ्यालाही दिसलं असतं. वर्तमानपत्रवाली बाई भिंतीकडे बघायची, जमिनीकडे बघायची.

"सर!" अणिमा ओरडली. "हा कांथा आहे! आमच्या बंगालची गोधडी! हे बघा, कोपऱ्यात बंगालीत लिहिलंय! रेघा इथून घेतल्यात! मी यांच्या नव्हे, यांनी आमच्या घेतल्यात!"

मला वाटलं, संपलं सगळं. पण तनखासाहेबांकडे बघितलं तर त्यांचे कान लाल झालेले.

"मिस बसाक, कृपा करा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मला बंगाली वाचता येत नाही, आणि असल्या गोधड्या आमच्याकडे मोलकरणीच्या खाटेवर असतात. मी इथे नव्या भारताबद्दल बोलायला आलोय. चिंध्या दाखवायला नाही. उठा."

ती उठली नाही. तिनं मान वळवली. "हेडविगदी, हा रूळ तुमचा आहे. ही कुठून आली ते तुम्हाला ठाऊक आहे. सांगा ना त्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मंत्री, बँकवाले, सगळे. माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. आणि बाई, अगदी शांतपणे, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हेडविग, सांग की. घाबरतेस कशाला?"

सांग. टिल्डानं आ वासला. वेस्टरबाई ब्योर्कला तू म्हणाल्या, हे शंभर माणसांनी ऐकलं.

"माझ्या आजीची आहे," मी म्हटलं. "आपल्याच स्मोलांड प्रांतातली. जुनी झाली म्हणून रुळाला लावली."

"आणि हे लिहिलेलं?" वर्तमानपत्रवालीनं विचारलं.

"लिहिलेलं कसलं? आजी अडाणी होती माझी. बदकाची पावलं काढायची ती."

लोक हसले, सुटका झाल्यासारखे. बाई तर टाळ्या पिटायला लागल्या. "बघा! आणि मला कल्पनाही नव्हती! इतकी वर्षं आमच्याच मातीतली गोधडी माझ्या पायाशी होती! असं रक्तातून येतं ते." वर्तमानपत्रात तेच छापून आलं: स्मोलांडच्या शेतकरणीपासून मिलानपर्यंत. केक सगळा संपला.

अणिमाचं काय झालं ते सांगायला हवं का? तनखासाहेब तिच्याशी न बोलता गेले. आठवड्यानं ती आपली विणायची फणी न्यायला आली. कार्यशाळेत मी एकटीच होते. मला वाटलं, शिव्याशाप देईल, मग मलाही चार शब्द सुनावता येतील. मी तयार होते. पोरगी बोलली ती हळूच.

"त्या कोपऱ्यात काय लिहिलंय, ते निदान तुम्हाला माहीत असू द्या. 'खुदुमणीनं शिवली. मुलगा पाण्यावर आहे.' एवढंच आहे. खलाशी असेल तो. ती घरी बसून रेघा घालत असेल."

मी तिची फणी कागदात गुंडाळून दिली.

"येते, ब्योर्कबाई," ती म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा रीत पाळली तिनं. कोट सांभाळत जिना उतरून गेली.

मी रागनहिल्डला रागनहिल्ड म्हणून हाक मारली ती त्यानंतर दोनदा. दोन्ही वेळेला तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. एकसष्टला ती मेली. आणि मग आणखी सहा-सात वर्षांत काय व्हावं? देशभर टूम निघाली, आता पदव्या नकोत, सगळेच तू! टपालवाला तू, बँकेतला कारकून तू, डॉक्टर तू. दुधाच्या दुकानातली सोळा वर्षांची पोर मला म्हणते, "तुला पिशवी हवी का गं?" ज्याच्यासाठी मी तेवढं केलं ते आता रस्त्यावर फुकट वाटत होते. हसू आलं मला. हसत हसत दूध तिथेच विसरून घरी आले.

पण एक राहिलं माझ्याजवळ. गोधडी जिल्ह्याच्या म्युझियमनं मागून घेतली. काचेच्या पेटीत आहे, खाली पाटी: 'गोधडी. स्मोलांड, एकोणिसाव्या शतकाची अखेर. हेडविग ब्योर्क यांच्या आजीने शिवलेली.' हेडविग ब्योर्क. पूर्ण नाव, दोन अक्षरं नव्हे. दर रविवारी चर्चनंतर मी जाते. समोर बाक आहे. लोक येतात, वाकून पाटी वाचतात, मी बघते.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये म्युझियमची नवी बाई घरी आली. आन्नीका, तिशीची, गळ्यात लाकडी मणी.

"तू हेडविग ना? बसू का?" बसलीच. "एक पत्र आलंय भारतातून. मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये आहे. वाचू?"

"वाच."

पत्राखाली लिहिलं होतं: अणिमा बसाक, चित्रकला शिक्षिका, कन्याशाळा, शांतिपूर. आन्नीका वाचायला लागली. 'तुमच्या म्युझियमच्या पुस्तिकेत गोधडीचा फोटो आणि पाटी पाहिली. माझ्या चित्राबद्दल मी काही मागत नाही. त्यावर जी अक्षरं आहेत ती राहू देत. पण गोधडीखाली खुदुमणीचं नाव घाला. ते तिनं स्वतः कोपऱ्यात लिहून ठेवलंय. हेडविग ब्योर्क हयात असतील तर त्यांना विचारा. तेव्हा त्या घाबरल्या होत्या. आता खरं सांगतील.'

आन्नीकानं पत्र मिटलं. चेहरा भला होता तिचा, खोटं कशाला बोलू. "हे बघ हेडविग, तुला कोणी काही म्हणणार नाही. पंधरा वर्षं झाली. तू नुसतं हो म्हण, मी उद्या पाटी बदलते. बंगाल, खुदुमणी. आणि तुझं नाव काढून टाकते, म्हणजे तुलाही त्रास नको."

घाबरले होते म्हणे मी! एवढं सगळं झाल्यावरही पोरगी माझ्यासाठी सबब शोधून ठेवते. त्याचाच मला संताप आला. दोन शिव्या घातल्या असत्या तर कदाचित हो म्हटलं असतं. खिडकीबाहेर बर्फ वितळून पाणी टपकत होतं. मी आन्नीकाला बन दिला, वेलदोड्याचा.

"बदकाची पावलं आहेत ती," मी म्हटलं.

"नक्की?"

"माझ्या आजीची गोधडी मी ओळखणार नाही?"

तिनं सुस्कारा टाकला. "तू म्हणतेस तर तसंच असणार. मी तिला तसं कळवते." मग कोट घालता घालता थांबली. "पण त्या बाईंचं एक म्हणणं पटलं हं मला. शिवणारीचं नाव पाटीवर असायलाच हवं. आपण बायकांची नावं नेहमी गाळतो. काय नाव होतं तुझ्या आजीचं?"

मला आठवायला वेळ लागला. "बोटिल्डा," मी म्हटलं. "बोटिल्डा ब्योर्क."

रविवारी गेले तेव्हा नवी पाटी लागली होती. आता तिच्यावर दोन नावं आहेत, माझं आणि आजीचं. आजीला सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता.